जिना सरळच आहे

ती. स्व. दादांना,

नमस्कार. ज्या टेबलावर हे पत्र लिहितो आहे ते मी केलं, ज्या स्टुलावर बसलोय ते मी केलं. समोरची खिडकी, तिची कडी, भिंतीवरची फळी आणि माळ्यावर जाणारा जिना, सगळं याच दोन हातांनी. कुणाच्या हाताखाली एक दिवस शिकलो नाही. (अक्षर हललेलं दिसेल. टेबल डुगडुगत नाही, जमीन उतरती आहे.) तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? इकडे मी ठीक. म्हणजे जेवतो.

तुमची बहीण तुमच्याकडे विश्रांतीला आली त्याला महिना होत आला. जाताना दोन्ही बॅगा घेऊन गेली. शेजारीण म्हणाली, "अहो, दोन बॅगा म्हणजे लक्षण बरं नाही." मी म्हटलं, परत येताना सामान कशातून आणायचं मग?

जिन्याविषयी तुमच्या कानावर काहीबाही आलं असेल, म्हणून खुलासा. प्रत्येक पायरी मी पाणसळ लावून बसवली आहे. आतला बुडबुडा मधोमध आला की लाकूड समपातळीत, हे तुम्ही जाणताच. आमची पाणसळ जुनी. समोरून पाहिलं तर बुडबुडा कडेला पळतो, पण डावा डोळा मिटून, खांदा भिंतीला टेकवून पाहिलं की बरोब्बर मधे येतो. (ती जागा सापडायला मला अख्खी दुपार लागली.) चौथ्या पायरीवर लोक अडखळतात, पण हल्ली पाय उचलून चालतं कोण? विम्याचा एजंट तिथे दोन्ही हात टेकून ओणवा झाला, तेव्हा तो लाकूडकाम निरखतोय असंच मला वाटलं.

तुमच्या बहिणीचं शिवणाचं मशीन माळ्यावर. कापडांचा ढीग घेऊन उतरताना तिचा पाय मुरगळला. तिथेच बसून म्हणाली, "या घरात एक तर हा जिना राहील, नाही तर मी." दुखण्यातलं बोलणं मनावर घ्यायचं नसतं, म्हणून मी घेतलं नाही. पाय बरा झाल्यावर एका सकाळी तिने दोन दिवस पुरेल एवढा स्वयंपाक करून झाकून ठेवला. मला वाटलं, राग गेला.

दमलोय, दादा. दुपारी जिना करकरला की हातातलं टाकून बघायला जातो. ऊन सरकलं की लाकूड आकसतं, एवढंच असतं. मला ठाऊक आहे, पुस्तकात वाचलंय. तरी जातो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
(अजून तरी) तुमच्या घरचा जावई

ता. क. : तुम्ही एकदा येऊन जिना स्वतः चढावा आणि तो ठीक आहे असं तिला सांगावं. तुमचं ती ऐकते. (चढताना कठडा धरावा. चौथीला पाय जरा जास्त उचलावा.)

आणखी एक : काल सुतार आला होता. जिन्याभोवती फिरला, चौथ्या पायरीवरून दोनदा हात फिरवला. मी ते कौतुक समजलो. मग म्हणाला, "काका, हा काढून नवा बसवायचाय. पैसे पोचलेत." कुणी दिले विचारलं, तर बाईंनी, शिलाईच्या कमाईतले. जिथे परत यायचं नाही तिथल्या जिन्यावर कोणी खर्च करतं का, दादा? एवढं तरी मला बरोबर दिसतंय ना, तेवढं उलट टपाली कळवा. सुताराला मात्र मी नको म्हणून सांगितलं. तरी आकडा विचारून ठेवलाय. नवा जिना, कठड्यासह, लाकूड-मजुरी धरून : अकरा हजार.