साडेसहा की तीनशे आठ?

३ ऑगस्ट
जुनी बंदूक विकली! खांद्याच्या ऑपरेशननंतर तिचा धक्का सोसवेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शिकार सोडा." मी म्हटलं, "बाई, एक वेळ खांदा सोडीन."

आता एकच नवी घ्यायची — रविवारी क्लबात नेमबाजीला तीच, आणि सप्टेंबरअखेर मूसच्या — त्या घोड्याएवढ्या हरणाच्या — शिकारीलाही तीच. पण काडतूस कोणतं? साडेसहा मिलिमीटरचं बारीक, की त्याहून जाड, जास्त धक्क्याचं तीनशे आठ? दोन्ही क्लबात चालतात, दोन्हींनी मूस पडतो. भांडायला याहून आणखी काय हवं!

५ ऑगस्ट
गुन्वोर, माझी बायको, म्हणते साडेसहा. तिने गेल्या हिवाळ्यात शिकारीचा परवाना काढला, त्यामुळे आता घरात दोन तज्ज्ञ. मी म्हटलं, "अगं, ती गोळी आहे की पेन्सिल? मूस आहे तो, ससा नव्हे!"

"धक्का कमी, म्हणजे नेम चांगला. मोठी गोळी हुकली तर नुसतं झाडच मरतं."

मी बटाटे सोलत बसलो.

११ ऑगस्ट
ओड्वार — आमच्या शिकारी टोळीचा म्होरक्या — आपली तीनशे आठ वापरून बघायला देऊन गेला. वर दम: "चोवीस सप्टेंबरच्या आत नेमाची परीक्षा पास हो. शंभर मीटरवर पाच गोळ्या, पाचही वर्तुळात. नाहीतर यंदा दलदलीकाठच्या ठिय्यावर, हाकलेल्या मूसची वाट बघत, दुसरा कुणी बसेल, आणि तू हाकाऱ्यांबरोबर ओरडत फिरशील."

एकतीस वर्षं त्या ठिय्यावर बसतोय मी! 

१७ ऑगस्ट
पाचांतल्या दोन आत. वारा होता.

१९ ऑगस्ट
तीन. काडतुसांचा हा खोकाच खराब असणार.

२४ ऑगस्ट
क्लबात गुन्वोर म्हणाली, "बंदूक मी भरून देते, तू फक्त मार." तिसऱ्या वेळी चाप ओढला — बारच नाही! नळी मात्र खाडकन बोटभर खाली. बयेने गुपचूप रिकामी पुंगळी भरलेली! म्हणजे गोळी सुटायच्या आधीच मी दचकतो, डोळे मिटतो. वारा नाही, खोका नाही — मीच!

बाकावरचे सगळे हसले. ओड्वारच्या हातातलं वॅफल खाली पडलं. "अरे अर्नस्टाइन, मूसने घाबरायचं, तू नाही!" आधी संतापलो. मग मलाही हसू आवरेना.

३० ऑगस्ट
साडेसहा घेतली. "सांगितलं नव्हतं का?" असं गुन्वोर एकदाही म्हणाली नाही. दुकानदाराकडे बघून नुसती हसली. ते जास्त लागलं.

६ सप्टेंबर
धक्का कसला, कुणी शाबासकी दिल्यासारखं वाटतं! चार आत! रिकाम्या पुंगळीला नळी अजून हलते — पण थोडीच. क्लबातले म्हणतात, जाईल ही सवय.

१४ सप्टेंबर
पास!! पाचही आत! पाचवी अगदी वर्तुळाच्या काठाला, पण आत ती आत. गुन्वोरनेही हौस म्हणून परीक्षा दिली. तिच्या पाचही तळहाताखाली झाकतील एवढ्याशा जागेत. मी दोन वॅफलं खाल्ली, तपकिरी चीज घालून.

गाडीत ती म्हणाली, "कधीतरी मीही बसेन का रे ठिय्यावर?" मी म्हटलं, "बस की, मी मेल्यावर!" हसली. मग घरापर्यंत बाहेरच बघत होती.

२१ सप्टेंबर
टोळीची बैठक. ओड्वारने यादी वाचली. गुन्वोर हाकाऱ्यांत. "दलदलीकाठी, नेहमीप्रमाणे, अर्नस्टाइन!" टाळ्या पडल्या. मी कॉफी ढवळत राहिलो. साखर घेतच नाही मी.

२४ सप्टेंबर
सकाळीच ओड्वारला फोन केला. म्हटलं, "पाचव्या बाराला माझे डोळे मिटलेले होते. लागली ती नशिबाने. उद्या शिकारीत समोर कागद नसेल, जीव असेल."

तो म्हणाला, "ठिय्यावर कोण बसणार मग?"

"गुन्वोर. मी हाकाऱ्यांत. आवाज अजून दणदणीत आहे माझा."

ती अंगणात सरपण रचतेय. तिला अजून सांगितलेलं नाही. आता जातो.