तिसऱ्या भागातला चिरका सूर

५ जानेवारी, रवि.
नागपुरात बेसा भागातल्या हॉलवर तालीम. वर्षाने आमच्या हौशी बँडसाठी लिहिलेली रचना आज पूर्ण आणली. ‘नागपुरी गंमत’. चार भाग, सगळे हलकेफुलके. पहिल्यात सकाळी फिरायला निघालेले पेन्शनर, दुसऱ्यात भर उन्हात बंद पडलेला ऑटो. ट्रॉम्बोनवाल्यांना हसू आवरेना. तिसरा ‘पाहुणे आले’, त्यात क्लॅरिनेटचा सोलो माझा! "तुझ्यासाठीच लिहिलं वं," वर्षा म्हणाली. शाळेपासूनची मैत्रीण. घरी येईपर्यंत हवेत होते.

७ जाने., मंगळ.
घरी तिसरा भाग वाजवून पाहायला बसले. सुरुवात लाजरी. मग चढत जाते, आणि सगळ्यात वरच्या सुरावर वर्षाने लिहिलंय: ‘मुद्दाम चिरकवा’. त्यावर ट्यूबाचं, म्हणजे त्या सगळ्यात मोठ्या भोंग्याचं, हसल्यासारखं हो-हो-हो.
दोनदा वाजवलं. मग हात थांबले.
हे माझंच. मला पाहायला आलेले ते कळमेश्वरचे पाहुणे. मुलाची आई म्हणाली, वाजवून दाखव. क्लॅरिनेटच्या तोंडाची पट्टी, रीड, चिरकली. मुलाची मावशी पदर तोंडाला लावून हसली, मुलगाही. नंतर निरोप: वाजवताना मुलीचे गाल फुगतात. माझ्या आईने तो विषय परत काढला नाही. मी बाहेर फक्त वर्षाला सांगितलं होतं. फक्त तिला.

१२ जाने., रवि.
तालमीआधी तिला बाजूला घेतलं.
"काहून लिहिलं हे?"
"अवं, तूच तर हसून हसून सांगून राहिली होती मले! अन् कोणाले समजते ते तू आहे म्हणून?"
हसत सांगितलं होतं, खरंय. दुसरं कसं सांगणार होते?
मग तालीम. चिरकवलं. सगळे हसले. बँड बसवणारे सर म्हणाले, "वा, अगदी खरं वाटलं!" वर्षा सगळ्यांत मोठ्याने हसत होती.
तिचंही मला बरंच माहीत आहे. कुठे बोलले नाही कधी.

१६ जाने., गुरु.
बँड सोडावा म्हणते. आईला सगळं सांगितलं एकदाचं. मेथी निवडत होती. "नको जाऊ मग," म्हणाली. मग काड्या बाजूला सारत, "पण तुझ्याशिवाय वाजवंल कोण वं ते?"

२५ जाने., शनि.
कार्यक्रम झाला. आई दुसऱ्या रांगेत. निवेदक म्हणाला, "आता तिसरा भाग, वर्षाताईंच्या एका मैत्रिणीच्या खऱ्या प्रसंगावरून!" लोक आधीच हसले. वर्षाने मान खाली घातली. म्हणजे निवेदकाला ते तिनेच लिहून दिलं होतं.
उभी राहिले. वरचा सूर आला. चिरकवला नाही. स्वच्छ लावला आणि दम संपेपर्यंत धरला. गाल फुगले असतील. फुगू देत. ट्यूबाचं हो-हो-हो आलं, कोणी हसलं नाही. चौथ्या भागात, संत्र्यांच्या लिलावाला, लोक परत खुलले.
वर्षा नंतर भेटायला आली नाही. मीही गेले नाही. स्कूटीवर आईने मागून खांदा दाबला.

२७ जाने., सोम.
वर्षाचा मेसेज. वाटलं, चुकलं म्हणेल.
"परवा तू वाजवलं ते मी लिहिल्यापेक्षा भारी होतं. पुढच्या महिन्यात अमरावतीले प्रोग्राम आहे. तिसरा भाग आता तसाच लिहून ठेवू?"
ही माफी आहे, की माझा हा सूरही घेऊन चालली ती?
‘हो’ लिहिलं, पुसलं. ‘नाही’ लिहिलं, तेही पुसलं. तिकडे तिला दिसत असेल, मी काहीतरी लिहून राहिले म्हणून.