पाणी येण्याआधीची बातमी

ती. ताईस,

धाकट्याचा मान खाली घालून नमस्कार. (नमस्कार करताना मान खाली जातेच, पण हल्ली माझी नमस्कार संपल्यावरही वर येत नाही. कारण पुढे येईल.) तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे ऐकून फार बरं वाटलं. त्यात माझा स्वार्थ असा, की आता हे पत्र तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावं लागणार नाही. दाजींना नमस्कार सांग, पण पत्र दाखवू नकोस. भाच्यांना आशीर्वाद, त्यांनाही दाखवू नकोस. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. ‘सगळे’ म्हणजे मी सोडून, आणि ‘ठीक’ म्हणजे घरात कुणी आजारी नाही, एवढंच.

फोन न करता पत्र का लिहितोय, असं तुला वाटलं असेल. फोनवर माझ्या नुसत्या ‘हॅलो’वरून तू ओळखतेस की हा काहीतरी करून बसलाय. मग तू खोदून खोदून विचारतेस आणि मी हवापाण्याच्या गप्पा काढतो. आता तर पाण्याचा विषय काढायचीही सोय राहिलेली नाही. पत्रात निदान तू मध्ये बोलू शकत नाहीस.

तर पंचायतीत कारकुनी करता करता मी गावाचं जे चारपानी पत्रक काढतो, ते तुझ्याकडे दर महिन्याला टपालाने येतं. ते वाचून झाल्यावर तू रद्दीत घालत नाहीस हे मी मागे येऊन माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि तेव्हा माझी छाती किती फुगली होती ते आता सांगायलाही लाज वाटते. कारण त्या पत्रकाची एक गोष्ट तुला माहीत नाही. आपला छापखानेवाला शहरात बसतो. औषधांची खोकी छापण्यात त्याचा सगळा वेळ जातो, आणि त्यातून फट मिळाली की तो आपलं गाव छापतो. त्यामुळे त्याला मजकूर आठवडाभर आधी लागतो. आता महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गावाने काही करायचंच नाही, असं कसं म्हणणार? मग मी त्या आठवड्याच्या बातम्या आधीच लिहून द्यायला लागलो. सुरुवातीला अगदी बेतानं. ‘गावसभा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली’ वगैरे. (सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या तरी त्याला खेळीमेळीच म्हणायचं, असा आमचा दंडक आहे.)

पण हात सैल सुटला की सुटतोच. पोस्टमनच्या निरोपसमारंभाला मी ‘उपस्थितांचे डोळे पाणावले’ असं लिहून मोकळा झालो, आणि त्या दिवशी पोस्टमनच आला नाही, त्याचं पोट बिघडलं होतं. पुढे त्याने ते पान चौकटीत घालून भिंतीवर लावलं, आणि आता त्याला तो समारंभ आठवतोसुद्धा. शाळेमागे झाडं लावायची होती, त्या दिवशी रोपंच पोहोचली नाहीत. बातमीत मात्र ती डौलात उभी होती. अंक वाटला गेला तेव्हा सरपंचांना इतकं ओशाळं झालं, की स्वतः गाडी काढून रोपं आणली आणि दुसऱ्याच दिवशी लावून टाकली. तेव्हापासून माझ्या डोक्यात वारं शिरलं. मी आधी लिहायचं आणि गावानं मागाहून तसं वागायचं, अशीच रीत आहे असं मी धरून चाललो.

आता वरच्या आळीच्या पाण्याकडे येतो. (येऊ नये असं वाटतंय, म्हणून पोस्टमनपाशी इतका रेंगाळलो.) वरच्या आळीला नळ नव्हता हे तुला ठाऊक आहेच. टँकर यायचा आणि चढावाच्या तोंडाशी उभा राहायचा, तिथून बायका बादल्या वर वाहायच्या. त्यातच आपली वहिनी. दादा गेल्यापासून ती त्या घरात एकटीच आहे. मी कितीदा म्हटलं खाली आमच्याकडे राहायला ये, पण ती काही दादाचं घर सोडत नाही. एवढ्यात नवी नळयोजना मंजूर झाली, दारोदार तोट्या बसल्या, उद्घाटनाची तारीख ठरली. ती नेमकी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यातली. आणि सरपंचांची इच्छा अशी, की अंक या खेपेला समारंभातच वाटायचा, म्हणजे पाणीखात्याच्या साहेबांना जाताना बरोबर नेता येईल.

पहिल्या पानावर फोटो हवा होता. मी कॅमेरा घेऊन वहिनीकडे गेलो. म्हटलं, तोटीखाली भरलेली बादली धरून उभी राहा. ती म्हणाली, ‘भाऊजी, पाणी येऊ द्या की आधी.’ मी म्हटलं, छापखाना पाण्यासाठी थांबत नाही. तेव्हा ती आत गेली, आणि सकाळी चढावरून वाहून आणलेलं पाणी बादलीत काठोकाठ ओतून घेऊन आली. बादली ओसंडल्यासारखी दिसावी म्हणून मी तिला ती जराशी तिरकी करायला लावली. ताई, तिच्या अर्ध्या दिवसाचं पाणी मी अंगणात सांडायला लावलं, आणि वर म्हटलं, जरा हस. ती हसली. फोटो सुरेख आला. खाली मी ओळ टाकली, ‘आता चढाव विसरले! वरच्या आळीतील गृहिणीचे आनंदोद्गार.’ हे ती कधी म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंही नाही. घरचीच तर आहे, विचारायचं काय, असं वाटलं.

समारंभाच्या दिवशी मंडप, खुर्च्या, सगळं झोकात. अंक हातोहात वाटले गेले. साहेब खुर्चीत बसून वाचत होते, ‘प्रमुख पाहुण्यांनी तोटी फिरवताच पाण्याची अशी धार उसळली की त्यांची बाही भिजली आणि एकच हशा पिकला.’ वाचून झाल्यावर ते उठले आणि त्यांनी तोटी फिरवली. तोटी खाकरली. मग चमचाभर गंज थुंकली आणि गप्प झाली. साहेबांनी आपल्या कोरड्या बाहीकडे पाहिलं, मग अंकाकडे, मग माझ्याकडे. सगळा मंडप अंक वाचून बसलेला, त्यामुळे पुढे काय व्हायला हवं हे एकूण एक माणसाला माहीत होतं. तेवढ्यात सरपंचांनी प्रसंगावधान राखून पिण्याच्या बाटलीतलं पाणी साहेबांच्या हातावर ओतलं, हात धुवायला म्हणून, आणि त्यात बाही खरोखरच भिजली. मला इतकं हायसं वाटलं, की मी टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच.

पंपवाल्याने संध्याकाळी सांगितलं की ठेकेदाराने मोटर लहान बसवलीय, तिच्याने चढावर पाणी जाणारच नाही. मोटर बदलली की झालं, असं सगळे म्हणाले, आणि मीही म्हणालो. पण साहेबांनी अंक नेला होता ना! वरच्या कचेरीने तो फाइलला लावला, ‘काम पूर्ण, पाणी सुरळीत’ असा शेरा मारला, ठेकेदाराला मोकळं केलं आणि दुसऱ्या आठवड्यापासून टँकर बंद केला. पाणी आलेल्या आळीला टँकर कशाला? आता वरच्या आळीच्या बायका थेट खालच्या विहिरीपासून बादल्या वाहतात. तो रस्ता माझ्या खिडकीवरून जातो. आळीतल्या बायका वहिनीला म्हणतात, तुम्ही विसरला असाल चढाव, आम्हाला नाही बाई विसरता येत. ती हे ऐकून घेते. हे माझं वाक्य आहे असं ती कुणालाच सांगत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

पूर्वी ती खाली आली की आमच्या ओट्यावर बसायची, चहा घ्यायची. आता सरळ पुढे जाते. परवा मला राहवलं नाही. मी धावत जाऊन तिच्या हातातली बादली घेतली. तिने ती दिलीही. चढ संपेपर्यंत बादलीतलं निम्मं पाणी माझ्या धोतरावर आणि उरलेलं निम्मं रस्त्यावर. तिने रिकामी बादली घेतली, वळली आणि पुन्हा विहिरीकडे चालायला लागली. मी मागोमाग जाऊ की घरी येऊ हे न कळून रस्त्यात उभा राहिलो. सगळी आळी दारात उभी राहून बघत होती. घरी आलो तेव्हा हिने मला ओल्या धोतरात बघितलं आणि म्हणाली, तुमची बातमी छान होती, त्यात पाणी तेवढं घालायचं राहिलं. घरात मला आता सगळे ‘संपादक’ म्हणतात.

मग मनाचा हिय्या करून मी वरच्या कचेरीत गेलो. तिथल्या लेखनिकाला म्हटलं, बातमी चुकीची आहे, पाणी आलेलंच नाही. त्याने फाइल काढली, अंक उघडला आणि पहिला परिच्छेद मला मोठ्याने वाचून दाखवला. म्हणाला, काय झकास लिहिलंय! मी म्हटलं, मीच लिहिलंय. तो म्हणाला, मग तर शंकाच नको. मी घसा कोरडा करून सांगितलं की हे आधी लिहिलं होतं, घडलं नाही. त्यावर तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, आमचा वार्षिक अहवाल लिहायला याल का? शेवटी त्याने उपाय सांगितला तो एकच. ज्या पत्रकात छापलं त्याच पत्रकात ‘बातमी खोटी होती’ असं छापायचं, आणि लिहिणाऱ्याने ते गावसभेत उभं राहून सांगायचं. तेवढं झालं की फाइल उघडते, टँकर सुरू होतो आणि ठेकेदाराला मोटर बदलावी लागते.

सरपंचांना हे मुळीच पसंत नव्हतं. म्हणाले, एक बातमी खोटी म्हटली की लोक बाकीच्याही उकरून काढतील, आणि पत्रक तुमच्या हातून जाईल ते वेगळंच. ताई, खरं सांगू? टँकरपेक्षा मला आधी पत्रकाचीच काळजी वाटली. मग मला त्या भिंतीवरच्या पोस्टमनची आठवण झाली. वहिनीची सगळ्यात शेवटी झाली. हे तुला लिहायलाच हवं होतं.

असो. सांगायला आनंद वाटतो, की रविवारची गावसभा उत्तम रीतीने पार पडली. सभागृह तुडुंब भरलं होतं. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, ‘ती बातमी खोटी आहे, मी घडण्याआधी लिहिली. फोटोतलं पाणी वहिनीने वाहून आणलेलं आहे आणि ते वाक्य तिचं नाही, माझं आहे.’ क्षणभर शांतता पसरली. मग सरपंचांनी मोठ्या मनाने पाठीवर हात ठेवला. वहिनी मागच्या रांगेतून उठून पुढे आली आणि सर्वांसमक्ष म्हणाली, ‘जाऊ द्या भाऊजी, लिहिण्याच्या भरात होतं असं.’ उपस्थितांचे डोळे पाणावले. तेव्हा काळजीचं आता काही कारण उरलेलं नाही. डोळ्याला जप, औषध वेळेवर घाल.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालता घालता हिने ते वाचलं. (दाखवलं नव्हतं.) वाचून एवढंच विचारलं, ‘ही सभा झाली कधी?’ ताई, सभा झालेली नाही. येत्या रविवारी आहे. शेवटचा परिच्छेद लिहिताना हात आपोआप पुढे गेला, आणि इतकं बरं वाटत होतं की मी त्याला थांबवलं नाही. खाडाखोड करणार होतो, पण वाटलं, तुला तरी कळू दे मी किती पुढे गेलोय ते.

आणखी एक. पत्र लिहायला बसलो ते खरं म्हणजे यासाठीच. रविवारी सकाळच्या गाडीने ये. डोळ्याला त्रास होत असेल तर दाजींना घेऊन ये, आता त्यांना पत्रही दाखव. पहिल्या रांगेत बस, हे पत्र हातात धर, आणि मी उभा राहिलो नाही तर मोठ्याने वाच. सरपंचांसमोर मला उठता येईल असं मला वाटत नाही. तू समोर बसलीस, तर बसून राहता येणार नाही.

शेवटचं. वर वहिनीच्या तोंडी घातलेल्या वाक्यावर मी आत्ता रेघ मारलीय. ती ओळ वाचता आलीच, तरी वाचू नकोस. ती काय म्हणायची ते तिचं ती म्हणेल. काहीच म्हणाली नाही, तर मी तसं छापीन.