कॅसेट पुसण्याबाबत

कर्जत,
१२ मार्च १९९५

ती. भीमराज दाजींस रखमाजीचा मनापासून जयभीम. आक्काचा गुडघा आता जिना चढू देतो का ते कळवा. इकडे आम्ही खुशाल, म्हणजे तुमचं पत्र वाचून माणसाला जेवढं खुशाल राहता येतं तेवढं.

तुम्ही लिहिलंत, सहादेवरावांचं शूटिंग असलेली कॅसेट पुसा, नाहीतर आपला संबंध संपला. तुमचं बरोबर आहे. ते तुमच्याच खात्यातले सुपरवायझर, त्यांच्या महेंद्रचं स्थळ आमच्या प्रज्ञासाठी तुम्ही शब्द टाकून आणलेलं, आणि तुमच्या नागापूरभर झालं असं की रखमाजीनं पाहुण्यांना घरी बोलावून तमाशा केला. म्हणून घडलं ते जसंच्या तसं लिहितो.

दाजी, दिवस कुठल्या कुठं गेले. सरकारनं परदेशी मालाला दार उघडलं आणि त्या दारातून एक व्हिडिओ कॅमेरा निघून थेट आमच्या गल्लीत, श्रीमंत नावाच्या फोटोवाल्याच्या खांद्यावर येऊन बसला. आपल्या वेळी सिनेमा करायचा तर मुंबईला पळून जावं लागे (तुम्ही गेला होतात आणि तिसऱ्या दिवशी परत आलात, हे आक्का अजून सांगते). आता आपली प्रज्ञा घरच्या ओट्यावर खुर्ची टाकून सिनेमा करते, पुण्याच्या स्पर्धेसाठी. गोष्ट तिचीच. मुलगी पाहायला आलेले लोक ‘आम्हाला काही नको’ म्हणत म्हणत काय काय मागतात, ती. मुलीचं काम शेजारच्या सायलीकडे, बापाचं माझ्याकडे (अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, चार लोकांत आवाज कसा लावावा ते मला शिकवायला नको). अडचण एकच, श्रीमंतचा हात लग्नाच्या शूटिंगला बसलेला. मी रडतो त्या प्रसंगात त्यानं माझ्याभोवती बदाम काढला आणि वर दोन कबुतरं सोडली.

त्या रविवारी मुलाकडच्यांची कामं करायला मिरजगावच्या नाटक मंडळीतली चार माणसं दहाच्या गाडीनं यायची होती. दहाच्या गाडीनं चार माणसं उतरली, एक सफारीत. (पाहुणे येताहेत हे तुमचं कार्ड आम्हाला सोमवारी मिळालं, त्याला मी काय करू?) प्रज्ञानं त्यांना धड पाणीही न पिऊ देता सतरंजीवर बसवलं. त्यांनाही नवल वाटलं नाही. हल्ली बारशाचं शूटिंग होतं, मग पाहण्याचं का नको? सायलीनं पोहे आणले. सहादेवराव म्हणाले, आम्ही चळवळीतली माणसं, आमाला काय बी नको, पोरगी तेवढी द्या. प्रज्ञा म्हणाली, काका, हे पाठ केल्यासारखं झालं, मनातलं बोला. पुन्हा पोहे. ह्या खेपेला ते म्हणाले, पोराला कंपनीत जायला मोटरसायकल असली तर बरं. प्रज्ञा खूश. म्हणाली, अजून मोकळं होऊ द्या, लाजू नका. तिसऱ्या खेपेला माणूस जो मोकळा झाला, दाजी, की मोटरसायकल, रंगीत टीव्ही, फ्रिज, कपाट आणि वर लग्नाचं शूटिंग ह्याच कॅमेऱ्यानं. मी हात जोडून बसलेलो, मनात म्हणतोय, काय काम करतो गडी. आत प्रज्ञाची आई कलाबाई पदरानं डोळे पुसत होती. शेवटी प्रज्ञानं त्यांच्या पाया पडून विचारलं, काका, किती वर्षं नाटकात आहात? आणि तेवढ्यात मिरजगावची मंडळी टेम्पोतून उतरली. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. महेंद्रनं मात्र तिन्ही वेळचे पोहे खाली मान घालून संपवले.

त्यांचा अपमान झाला, ह्याचं मला वाईट वाटतं. पण दाजी, खरं सांगतो. माझी आई लोकांच्या लग्नात मांडवाबाहेर बसायची, उरलेलं पदरात घ्यायला. तिची नात आज माणसं कुठं बसवायची ते ठरवते, आणि सफारीतला साहेब तिच्या सांगण्यावरून तीनदा पोहे खातो. माझा ऊर भरून आला तो अजून उतरलेला नाही. तरी नातं ते नातं. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. कॅसेट पुसायला आत्ताच सांगतो.

तुमचा,
रखमाजी

ता. क. सांगितलं. प्रज्ञा म्हणते, कॅसेट महिन्यापूर्वीच पुण्याला गेली.

आणखी एक. आता मूळ कामाचं लिहितो. काल पुण्याहून पत्र आलं. सिनेमाचा दुसरा नंबर (पहिला कबुतरांनी घालवला). उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मात्र सहादेवरावांना, एकमतानं. इतका अस्सल लोभी माणूस परीक्षकांनी पडद्यावर पाहिला नव्हता म्हणे. बक्षीस स्वतः हजर राहून घ्यावं लागतं, आणि आधी तो प्रसंग सगळ्यांना दाखवणार आहेत. तेवढं त्यांना तुम्ही राजी करा. सफारी तीच घालू द्या.

आणि लग्नाचं विचारलंत. प्रज्ञा म्हणते, काकांना पुढच्या सिनेमातही घेईन, सासरा म्हणून नको. तिच्या म्हणण्याखाली बाप म्हणून माझी सही आहे, आणि हा बाप नाटकातला नाही.