दादांच्या खोलीतली बासने

अमरावती, पौष वद्य तृतीया, शके १७८६

राजश्री बापूसाहेब व्याही, जुने शहर, अकोला, यांना रंगोपंताचा नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे असे लिहिण्याची रीत, म्हणून लिहिले. हे पत्र ओसरीवर मोठ्याने वाचू नये, आपण एकट्यानेच वाचावे. दुसऱ्याकडून लिहवून घेण्यासारखे नव्हते. माझे शिक्षण मोडीपुरते, चुका पोटात घालाव्यात.

चि. तारा कशी आहे? उन्हात डोके दुखण्याची तिची लहानपणापासूनची खोड आहे. सुंठ उगाळून लावली की थांबते.

बातमी एवढीच, की आमच्या थोरल्या दादांची पोथ्यांची खोली पुन्हा पहिल्यासारखी केली. दादा गेल्यावर तिच्यात कापूस भरला होता. इथे कोणाच्या घरात नाही भरला? लढाई अमेरिकेत, आणि सरकीचा वास आमच्या माजघरात. आता भिंतींना चुना दिला, कोनाडे मोकळे केले, दादांची बैठक पूर्वेला तोंड करून मांडली, वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवल्या. शेजारचे शेषराव पाहून गेले. म्हणाले, "पंत, कापसाले सोन्याचा भाव, अन् तुमी खोलीत कागद निजवून राहिले?" मी हसण्यावारी नेले.

एक मात्र पहिल्यासारखे जमले नाही. पोथ्या बांधायची तांबडी बासने उंदरांनी खाल्ली होती आणि बाजारात कापड मिळेना. कापसाच्या मुलखात पोथी गुंडाळायला कापड नाही, सगळा माल मुंबईला. तेव्हा आमच्या कुटुंबाने ताराची माहेरी राहिलेली लुगडी काढली. मी म्हटले, "दुर्गा, राहू दे ती." तर म्हणाली, "कोणासाठी? कसर लागून राहिली त्याले." आणि स्वतःच कातर चालवली. हिरवे, जांभळे, संक्रांतीची चंद्रकळासुद्धा. लोक खोली छान झाली म्हणतात. मला तिथे बसवत नाही.

असो. विनंती ही, की ताराला काही दिवस इकडे पाठवावे. पोथ्यांचे दोरे तुटून पाने एकमेकांत मिसळली आहेत. ती लावायला

इथे लेखणी खाली ठेवली होती. आता लिहूनच टाकतो. ताराला वाचता येते. दादांची दृष्टी गेली तेव्हा तीच त्यांना वाचून दाखवी. लग्नाच्या बोलण्यात कोणी विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. आता आपण म्हणाल, मग बरोबरच झाले. वाचणाऱ्या बाईच्या नवऱ्याला आयुष्य नसते, हे मीही ऐकत आलो आहे आणि मनातून भितो. पण बापूसाहेब, जावई कमलाकांतरावांना पटकीने नेले. त्या आठवड्यात मोर्णेच्या काठी चितेला जागा मिळत नव्हती. त्या सगळ्यांच्या बायका वाचत होत्या का?

तुमचा मुलगा गेला. त्यापुढे मी बोलू नये. पण वर्षश्राद्ध झाले की तिच्यासाठी न्हाव्याला बोलावणार, असे कानावर आले आहे. ती सोळाची आहे. पुढचे माझ्याच्याने लिहवत नाही.

पाने कोणीही शास्त्री लावील, हे मला ठाऊक आहे. ते निमित्त आहे. खोली मागल्या बाजूला आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेस पडत नाही. तिथे ती बसेल, वाचील, कोणाच्या शुभकार्यात आडवी येणार नाही. लोक जे बोलतील ते मला बोलतील.

नकार द्यायचा तर पत्राने देऊ नये. दमणी जुंपली आहे. हे आपल्या हाती पडेल तेव्हा मी मूर्तिजापूरच्या आसपास असेन. मला पाणीसुद्धा विचारू नका. फक्त तिला ओसरीवर येऊ द्या आणि माझ्यासमोर विचारा, जायचे का म्हणून. नाही म्हणाली तर रिकामी गाडी घेऊन परत फिरेन, पुन्हा कधी तोंड दाखवणार नाही.

हो म्हणाली, तर तिला अडवायचे कोणी, ते मात्र आपण आधी ठरवून ठेवावे.

आपल्या पायरीखाली येऊन उभा राहणारा,
ताराचा बाप
रंगोपंत