कात्रीची पट्टी

१२ जानेवारी

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केलाय आणि त्याच्या पाठोपाठ एक मागणी येणार, हे तुम्ही ओळखलंच असेल.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही मी जेवले का ते विचारता, मी हो म्हणते, आणि मग माझं बिल वाढेल म्हणून तुम्ही घाईघाईनं ठेवून देता. बिल आता तसं वाढत नाही हे सांगून मी थकले. त्यापेक्षा पत्र बरं. पत्र तुम्ही निदान शेवटपर्यंत वाचता.

बातमी अशी की हळूबाईंनी मला अखेर माझा स्वतःचा कार्यक्रम दिला. हळूबाई म्हणजे आमच्या संग्रहालयाच्या शिक्षण विभागाच्या प्रमुख. आल्यागेल्या प्रत्येकाला त्या हळू चाला, हळू बोला असं सांगत असतात, म्हणून हे नाव. त्यांना ते माहीत आहे आणि बहुतेक आवडतंही. आजवर मी दुसऱ्यांनी आखलेले कार्यक्रम चालवत होते. म्हणजे शाळांना फोन करायचे, बस कुठं उभी राहील ते ठरवायचं, दप्तरं कुठं ठेवायची ते बघायचं, आणि हजार वर्षं जुन्या मूर्तीपुढं उभं राहून मुलांना पहिला प्रश्न विचारायचा. त्यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं, की बाई, शू लागली.

आता मला एक अख्खी खोली मिळाली आहे. बाकी इमारतभर ‘हात लावू नका’ अशा पाट्या आहेत, माझ्या दारावर ‘हात लावा’ अशी असेल. आत वेगवेगळ्या कामांची हत्यारं. गवंड्याची थापी, चांभाराची आरी, सुताराचा रंधा. मुलांनी डोळ्यांना पट्टी बांधून ती हातात घ्यायची आणि ओळखायचं की हे कुणाचं, त्याची बोटं कुठं बसायची, तो डावरा होता का. पहिली तुकडी अंध मुलांच्या शाळेची येणार आहे, त्यांना डोळे बांधायचीही गरज नाही. अट एकच, वस्तू वापरून झिजलेली हवी. नवी वस्तू मुकी असते.

म्हणून बाबा, मला आईची कात्री हवी आहे. ती मोठी, बेतायची. अंगठ्याच्या कडीला चिंधीची पट्टी गुंडाळलेली. आई गेली तेव्हा तिच्यावर माझ्या निळ्या ड्रेसमधून उरलेल्या कापडाची पट्टी होती, मला चांगलं आठवतं. हाताच्या तेलानं काळी, गुळगुळीत झालेली, आणि अंगठ्याच्या जागी खळगा. ती नुसती हातात धरली तरी आई कळेल.

आणखी एक. हा कार्यक्रम जमला तर उन्हाळ्यापासून मला इथं कायम करतील. हे वाचून तुम्हाला आनंद किती होईल आणि दुसरं काय होईल, याचा मला अंदाज आहे. पुढची खोली तुम्ही माझ्यासाठी रंगवून घेतली आहे, ते मी विसरलेले नाही.

आहे तेवढा लोभ राहू द्या, वाढवलात तर मी नको म्हणणार नाही.

तुमची,
खार


२० जानेवारी

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद, आणि त्यातले दोनचार तुझ्या हळूबाईंनाही.

लहानपणी तू आईच्या मशीनखाली बसून बटणं, रिकामी रिळं, तुटके हूक गोळा करायचीस आणि कुणी हात लावला की घर डोक्यावर घ्यायचीस. म्हणून तर तुला खार म्हणायला लागलो. आता तीच पोर दारावर ‘हात लावा’ अशी पाटी लावणार म्हणजे कमाल झाली. शेजारच्या वकिलांना मी तुझं काम समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मूर्त्यांवरची धूळ पुसायला शिकलेली मुलगी कशाला लागते असं विचारलं. मी त्यांना चहा दिला नाही.

कात्री मशीनच्या खणात आहे. पाठवतो. तू मागितलीस आणि मी दिलं नाही असं कधी झालंय का? सर्कशीतला हत्ती सोडून.

इकडे ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण चाळीस वर्षं दवाखान्यात उभा राहून दुसऱ्यांना औषधं बांधून दिली, आता तो माझ्यावर सूड घेतोय. परवा एक बाई कापड घेऊन आल्या. आई गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, सांगितलं. त्या इतक्या गडबडल्या की कापड इथंच विसरून गेल्या आणि मला गुडघ्यासकट मागे धावावं लागलं. परत येऊन बघतो तर मशीनवरची खोळ मी स्वतःच काढून ठेवलेली. गिऱ्हाईक आलं की काढायची, ही सवय.

आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका भेटल्या होत्या. त्यांच्या चित्रकलेच्या बाई उन्हाळ्यात निवृत्त होताहेत. तुझी चौकशी करत होत्या. मी नुसता निरोप पोचवतोय, माझं मत विचारू नकोस. ते तुला विचारल्याशिवायच ठाऊक आहे.

खोलीचा रंग फिका पिवळा आहे. उन्हात बरा दिसतो.

पत्र लिहीत जा. तुझं अक्षर बघितलं की घरात कुणीतरी आल्यासारखं वाटतं.

तुझा,
बाबा


६ फेब्रुवारी

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. नमस्कार करते आहे, पण रागात आहे, तेव्हा तो जरा घाईत घ्या.

पार्सल आलं. मी मुद्दाम सगळ्यांसमोर उघडलं. हळूबाई होत्या, आमचे सुतारकाका होते, विभागातली सगळी मंडळी होती. आधीच्या बैठकीत मी त्यांना आईच्या पट्टीबद्दल इतकं सांगितलं होतं की प्रत्येकाला ती बघायची होती. कागद सोडला तर आत काय? चकचकीत, कड्यांना काळा रंग दिलेली, दुकानातून आत्ता आणल्यासारखी कात्री. पट्टीचा पत्ता नाही. आणि वर धार लावलेली. बाबा, अंध मुलांच्या हातात द्यायची कात्री तुम्ही धार लावून पाठवलीत? सुतारकाकांना ती बोथट करत बसावं लागलं.

पाहुणे येणार म्हटलं की तुम्ही पडदे धुता, पायपुसणी झटकता, मला माहीत आहे. चारचौघांत जायची वस्तू नीटनेटकी हवी, असंच तुम्हाला वाटलं असणार. पण मी लिहिलं होतं ना, झिजलेली हवी म्हणून. त्या कडीवर आईचा अंगठा होता. तेवढाच उरला होता. तो तुम्ही खरवडून काढलात आणि वर रंग फासलात.

मी वस्तूंच्या खोलीत जाऊन रडले. हळूबाई मागून आल्या आणि पहिल्यांदाच हळू वगैरे काही बोलल्या नाहीत, नुसत्या उभ्या राहिल्या. नंतर म्हणाल्या की कात्री टेबलावर ठेवू या, मुलं काय करतात ते बघू. मला ठेवायची नाही. ती आता आईची वाटतच नाही.

शाळेला सध्या काही कळवू नका. माझं डोकं ठिकाणावर नाही.

औषध वेळेवर घ्या. रागावले तरी हे लिहायचं राहत नाही.

तुमची,
खार


१५ फेब्रुवारी

चि. खारूताईस,

आशीर्वाद. रागावलीस ते योग्यच केलंस, आशीर्वाद त्यानं कमी होत नाहीत.

पत्र दोनदा फाडलं, हे तिसरं. आता सरळ सांगतो. पट्टी मी खरवडली नाही. सोडवली. दाढीच्या पात्यानं तिचा टाका उसवला आणि हळूहळू, तुझ्या हळूबाईंना आवडेल इतक्या हळू, ती उलगडून काढली. पट्टीखालचं लोखंड उजळ दिसत होतं, ते तुझ्या नजरेतून सुटलं नसतं, म्हणून रंग दिला. नुसता रंग दिला तर शंका येईल म्हणून धारही लावून घेतली. त्यानं मुलांची बोटं कापतील हे या कंपाउंडरच्या डोक्यात आलं नाही, याची लाज वाटते.

का, तर ऐक. आमचं लग्न झालं त्या वर्षी तुझ्या आईच्या अंगठ्याला फोड आला. मी दवाखान्यातून आलो की पट्टी बांधायचो, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बेतायला बसायची, फोड पुन्हा फुटायचा. शेवटी मी वैतागलो आणि अंगठ्याला बांधायचं सोडून कात्रीलाच पट्टी बांधली. ती हसून हसून खाली बसली. म्हणाली की जखम सोडून हत्याराला मलमपट्टी करणारा दवाखाना तिनं पहिल्यांदाच बघितला. पण फोड बरा झाला. तेव्हापासून पट्टी जुनी झाली की ती एक चिंधी आणि कात्री माझ्यापुढं आणून ठेवायची. साऱ्या गावाचे कपडे शिवले तिनं, पण ती पट्टी मात्र कधी स्वतः बांधली नाही. तुला वाटायचं आई बांधते. मीच बांधायचो. तुझ्या निळ्या ड्रेसचीही मीच बांधली. ती शेवटची ठरेल हे कुणाला ठाऊक होतं?

तू लिहिलंस की शाळाच्या शाळा येतील आणि सगळी मुलं ती हातात घेतील. ते वाचलं आणि खणातून कात्री काढून बघत बसलो. एवढ्या अंगठ्यांखाली तिचा अंगठा किती दिवस टिकेल? तुझं काम चांगलं आहे, मला पटतं. लोखंड दिलं मी. पट्टी देववली नाही.

ती माझ्या चष्म्याच्या केसमध्ये आहे. चष्मा आता नुसताच फिरतो. पट्टी उलगडली तरी तिचा बाक गेलेला नाही, आपोआप गोल होते. मशीनच्या तेलाचा वास येतो. आणखीही कसला येतो, पण तो मला एकट्यालाच येत असेल.

तुला अर्धी कापून पाठवावी म्हणून उठलो, तर घरात कात्री नाही. ती तुझ्याकडं.

मागितलीस तर अख्खी पाठवीन. मागू नयेस असं वाटतं, हेही लपवत नाही.

तुझा,
बाबा


३ मार्च

ती. बाबांना,

सा. न. वि. वि. या वेळचा नमस्कार अगदी पायाला हात लावून.

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचायला घेतलं ही चूक झाली. समोर शाळेचे दोन शिक्षक बसले होते, त्यांना वाटलं मला सर्दी झाली आहे. इतकी वर्षं मी जगाला सांगत आले की आई पट्टी बांधायची. तुम्ही दोघांनी एकदाही दुरुस्त केलं नाही.

पट्टी पाठवू नका. कापू तर मुळीच नका. का ते सांगते.

अंध मुलांच्या शाळेची तुकडी आली. हळूबाईंनी कात्री टेबलावर ठेवायला लावलीच. मी मुद्दाम लांब, थापीपाशी उभी राहिले. एक मुलगी, लहानशी, नाकात बोलणारी, कात्री घेऊन बसली ती सोडेचना. उघडली, मिटली, परत उघडली. म्हणाली की ही शिंप्याची, पण ज्याची आहे त्याला इथं दुखत असणार, आणि अंगठ्याच्या कडीवर बोट ठेवलं. मग तिनं खिशातून रुमाल काढला, कडीला गुंडाळला, पुन्हा उघडून मिटून बघितली आणि म्हणाली की आता बरं.

बाबा, पट्टी असती तर तिला पट्टी कळली असती. नव्हती म्हणून तिला आईचं दुखणं कळलं. रुमाल बांधताना तुम्हीच कळलात, तिला नाही, मला. मी तिथं सगळ्यांसमोर रडले आणि ती पोर विचारत राहिली की बाईंना काय लागलं.

आता कात्रीशेजारी चिंध्यांची टोपली ठेवली आहे. प्रत्येक मूल आपली पट्टी बांधून बघतं. इतक्या वाईट बांधतात की तुम्ही असतात तर सगळ्या सोडून परत बांधायला लावल्या असत्यात.

हळूबाईंनी मला कायम केलं, आणि मी हो म्हटलं. हे वाक्य लिहायला मला फार दिवस लागले. मला हे काम सोडवत नाही, आणि तुम्हाला तिथं एकटं ठेववत नाही, आणि दोन्ही एकदम होत नाही. दिवसभर मी दुसऱ्यांच्या मुलांना सांगते की वस्तू हातात घेतली की माणूस जवळ येतं. खोलीवर परतले की माझ्या हातात काही नसतं. मला घरची फार आठवण येते. तुमच्या हातचं पाणचट सूपसुद्धा आठवतं.

मुख्याध्यापिकांना तुम्हीच सांगाल का? माझ्यानं होणार नाही. आणि बाबा, तुम्ही इकडे या. राहायला नाही म्हणाल, माहीत आहे. पण बघायला तरी या.

लोभ करा म्हणून सांगायला आता तोंड नाही, तरी करालच.

तुमची,
खार


१० मार्च

चि. खारूताईस,

अनेक आशीर्वाद. कायम झालीस, त्याचे वेगळे.

पत्र वाचलं आणि पुढच्या खोलीत जाऊन बसलो. वाईट वाटलं. वाटलं नाही म्हणालो तर तू विश्वास ठेवणार नाहीस. मग मशीन उचलून त्या खोलीत खिडकीपाशी नेऊन ठेवलं, वकिलांनी एक बाजू धरली. त्यांना रुमालवाल्या पोरीची गोष्ट सांगितली. ऐकून झाल्यावर त्यांनी तुमच्या संग्रहालयाची वेळ काय असते ते विचारलं. या वेळी चहा दिला.

मुख्याध्यापिकांना सांगून आलो. त्या म्हणाल्या की मुलीनं नाव काढलं. मी म्हटलं, काढलं खरं, पण फार लांब जाऊन काढलं.

सुपाला नावं ठेवलीस ते लक्षात ठेवलंय.

मी येतोय. तिकीट काढलं. संग्रहालयात मी तुझा बाप आहे हे कुणाला सांगू नकोस, हळूबाईंनाही नाही. शाळेची मुलं आली असतील त्या दिवशी मलाही त्यांच्याबरोबर रांगेत उभं कर आणि माझे डोळे बांध. घट्ट बांध, मी फटीतून बघणारा माणूस आहे. टेबलावर आणखी दोनतीन कात्र्या मिसळून ठेव, आयती हातात देऊ नकोस. पट्टी खिशात आणतोय. मुलांना बांधायची कशी ते एकदा दाखवीन आणि सोडून परत घेऊन जाईन, आधीच सांगून ठेवतो.

माया आहे तिथंच आहे, घर बदललं म्हणून ती काही हलत नाही.

तिची कात्री मला हातानं ओळखता येईल असं वाटतं. पण पट्टी नसलेली ती मी फक्त पट्टी बदलण्यापुरती धरली आहे, आणि तीही डोळे उघडे ठेवून. नाहीच ओळखता आली, तर ते तुझ्यामाझ्यातच राहू दे.

तुझा,
बाबा