कुलूपबंद वहीतलं खोटं माप

साडूभाऊंना, साष्टांग नाही (गुडघे ऐकत नाहीत), पण कंबर वाकेल तेवढा नमस्कार.

तुमची प्रकृती उत्तमच असणार. वर्तमानपत्रातल्या फोटोत गाल चांगले वर आलेले दिसले. ताईंचा खांदा काय म्हणतो? इकडे हिचं बरं आहे, ठकीचं बरं आहे आणि माझंही बरं आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण तुमची कीर्ती ऐकून माझ्या पोटात दुखतं असं ही तिच्या बहिणीला फोनवर सांगत असते. साफ खोटं आहे. दुखतं ते ॲसिडिटीने.

तुम्ही म्हणे इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या समितीसमोर पंधरा मिनिटं बोललात. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती कुलपात ठेवू नये, ज्ञान सगळ्यांना खुलं असावं, वगैरे. आनंद झाला. पण आपण दोघं एकाच उस्तादांच्या हाताखाली शिलाई मशीन उघडायला शिकलो आणि काढलेला स्क्रू परत कुठे लावायचा हे तुम्ही मला विचारायचात, हे समितीला सांगितलंत का? (आठवत नसेल तर सोडा. मला आठवतं.) पुढे तुम्ही तुमच्या दुरुस्तीच्या वहीचे फोटो नेटवर टाकलेत, खाली मजकूर टाइप केलात आणि वर लिहिलंत, कोणीही वाचा, वापरा, सुधारा, वाटा, फक्त कोणाकडून घेतलं ते सांगा. आता ज्यांची भाषा आपल्याला कळत नाही असे लोक तुम्हाला गुरुजी म्हणतात. तुमचं ते कोंबडीचे पाय अक्षर! आणि माझी वही? बत्तीस वर्षांची, दोनशे अठरा पानं, अक्षर छापल्यासारखं. ती दुकानातल्या लोखंडी कपाटात आणि किल्ली गेल्या वर्षापर्यंत माझ्या कमरेला. तोवर ती वाचलेला माणूस जगात एकच, तो म्हणजे मी. असो. मी कुठे तक्रार करतोय?

तर पुढच्या महिन्यापासून दुकान ठकी बघणार. (माझ्या हातात बारीक सुई आता थरथरते, ताईंना सांगू नका.) त्याची तयारी म्हणून वर्षापूर्वीच मी मोठ्या मनाने किल्ली लेकीच्या हाती दिली. बाईसाहेब टेबलावर डाव्या हाताला माझी वही उघडतात आणि उजव्या हाताला मोबाइलवर तुमची! विचारलं तर म्हणते, बाबा, काकांच्या वहीत पटकन सापडतं. माझ्या दुकानात, माझ्या दिव्याखाली, माझी पोटची पोर तुमची वही वाचते! जळलो, साडूभाऊ. आता लपवून काय उपयोग, चांगला नखशिखांत जळलो.

मग मी ठरवलं की तुमची वही पहिल्या पानापासून वाचायची आणि चुका काढायच्या. अकरा दुपारी घालवल्या. चुका फारशा निघाल्या नाहीत (ज्या होत्या त्या लोकांनी आधीच सुधारून ठेवल्या होत्या, हा काय न्याय झाला?). पण बाराव्या दुपारी जुन्या काळ्या मशीनच्या पानावर येऊन मी खुर्चीतून उठलोच. आता तुम्हाला आतली गोष्ट सांगणं भाग आहे. कोणी माझी वही चोरली तर पकडता यावा म्हणून मी तिच्यात काही मापं मुद्दाम खोटी लिहिली आहेत. सुई तळाला जाऊन किती वर आली की शटलचं, म्हणजे खालून दोरा पकडणाऱ्या भागाचं, टोक तिला भेटायला हवं, हे माप खरं सव्वादोन मिलिमीटर. मी लिहिलंय सव्वातीन. आणि तुमच्या पानावर लख्ख सव्वातीन! चोर सापडला! इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता. तुम्हाला वकिलाची नोटीस पाठवायची म्हणून मी पुरावा छापून घ्यायला शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडे धावलो.

त्या शहाण्याने कुठेतरी बोट लावलं आणि पानाचा इतिहास उघडला. कोणी, कधी, काय लिहिलं ते सगळं तुमच्याकडे उघडंच असतं म्हणे. सव्वातीन लिहिणारी आमची ठकी. खाली “माझ्या बाबांच्या वहीतून” असं लिहून माझं नाव. त्याखाली परक्या देशातल्या कुणा मेकॅनिकने अगदी सौजन्याने कळवलंय की माप चुकलंय, लिहिणाऱ्याची नजरचूक झाली असावी. आणि त्याखाली पुन्हा ठकी: “माझे बाबा चुकत नाहीत. माझ्या हातून मशीन टाके सोडतं, पण तो माझ्या हाताचा दोष आहे.” तारीख सात महिन्यांपूर्वीची. झेरॉक्सवाल्याने विचारलं, किती प्रती काढू? मी तसाच घरी आलो.

सात महिने पोर स्वतःच्या हाताला दोष देतेय, साडूभाऊ. परवाच हिला म्हणाली, दुकान मला झेपेलसं वाटत नाही.

ताईंना नमस्कार. घरातल्या लहानांना आशीर्वाद.

आपला,
(अजूनही तुमच्याहून चांगला) मेकॅनिक

ता.क. पत्राचं खरं कारण. ते एवढं एक पान गुपचूप काढून टाकता येईल का? नाहीतर कुलूप तरी लावा. नियम तुमचेच आहेत. तुम्ही म्हणाल ते समितीने ऐकलं, मग हे पान काय चीज आहे?

ता.क. २. वरचं रद्द. पाकीट चिकटवण्याआधी मीच तिला सांगून टाकलं. तिने काळं मशीन घेतलं, सुई सव्वादोनवर बसवली, हातभर शिवलं. एकही टाका सुटला नाही. मग विचारलं, बाबा, अशी अजून किती मापं आहेत? म्हटलं, सतरा. कुठली? तर मला आठवत नाहीत! त्या क्षणापासून ती माझ्याशी अबोला धरून एकेका पानाचा फोटो काढतेय. सगळी दोनशे अठरा पानं येतील. तुमच्या त्या देशोदेशीच्या मंडळींना कामाला लावा आणि तपासून घ्या. नाव मात्र माझं, आणि तुमच्या वर.

ता.क. ३. ठकीने ते सव्वातीन खोडून सव्वादोन केलंय. पण खालची ओळ, बाबा चुकत नाहीत म्हणणारी, तिने तशीच ठेवलीय. तुमच्याकडे कोणीही काहीही सुधारू शकतं म्हणता ना? तेवढी ओळ कोणाला सुधारू देऊ नका.